आरंभाच्याही आधी : पूर्वकथापट आणि मूळ कलाकृतीचा रसिक

१

१९७७ साली प्रदर्शित झालेल्या ‘स्टार वॉर्स’ या अमेरिकन चित्रपटात, एका वाळवंटी ग्रहावरील लहानशा घरात, एक वृद्ध योद्धा एका तरुणाला त्याच्या वडिलांविषयी सांगतो. वडील उत्तम वैमानिक होते, कसलेले लढवय्ये होते, जिवाभावाचे मित्र होते. आपल्याच एका पूर्वीच्या शिष्याने, डार्थ व्हेडरने, त्यांचा घात केला. याच संभाषणात ‘क्लोन वॉर्स’ नावाच्या एका युद्धाचा ओझरता उल्लेख येतो. ते युद्ध कोणी कोणाशी केले, कशासाठी केले, त्यात काय गमावले याचे कसलेही विवरण होत नाही. प्रसंग थोडक्यात आटोपतो आणि कथा पुढे सरकते. परंतु ॲलेक गिनेस या नटाच्या आवाजातील थकव्यामुळे आणि उत्तर देण्यापूर्वीच्या त्याच्या किंचित थांबण्यामुळे, या माणसाच्या पाठीशी केवढा तरी भूतकाळ उभा आहे, याची प्रेक्षकाला जाणीव होते. चित्रपटात नसलेला हा भूतकाळ चित्रपटाच्या परिणामाचा एक मोठा भाग होऊन बसतो.

पुढे १९९९, २००२ आणि २००५ या वर्षी आलेल्या तीन चित्रपटांतून हाच भूतकाळ सविस्तर दाखविण्यात आला. दिग्दर्शक मूळचेच, जॉर्ज ल्यूकास. साधनसामग्री पूर्वी कधी नव्हती एवढी. १९९८च्या अखेरीस पहिल्या भागाची झलक अन्य चित्रपटांच्या आधी दाखविली जाऊ लागली, तेव्हा काही प्रेक्षक तिकीट काढून केवळ ती झलक पाहत आणि मुख्य चित्रपट सुरू होताच उठून जात, अशी वृत्ते त्या काळी प्रसिद्ध झाली होती. ‘द फँटम मेनेस’ हा १९९९ सालचा जगातील सर्वाधिक उत्पन्नाचा चित्रपट ठरला. आणि तरीही, ज्यांनी मूळ चित्रपटत्रयीवर मनापासून प्रेम केले होते त्यांच्यापैकी फार मोठ्या वर्गाच्या पदरी निराशाच आली. कोणा रसिकाने तर चित्रपटाची काटछाट करून आपल्या मते योग्य अशी निराळी आवृत्ती सिद्ध केली आणि ती हातोहाती फिरली. न आवडलेल्या कलाकृतीकडे प्रेक्षक पाठ फिरवतो. तिची दुरुस्ती करावयास तो बसत नाही. ही निराशा वेगळ्या जातीची होती, हे एवढ्यावरूनही ध्यानात यावे.

आधी प्रदर्शित झालेल्या कथेच्या पूर्वीचा काळ विषय म्हणून घेणाऱ्या नंतरच्या चित्रपटाला इंग्रजीत ‘प्रीक्वेल’ म्हणतात. येथे त्यासाठी ‘पूर्वकथापट’ ही संज्ञा योजिली आहे. कथाकाळाने पूर्वीचा आणि निर्मितिकाळाने नंतरचा, हे त्याचे व्यवच्छेदक लक्षण होय. या दुहेरी काळातच त्याच्या बहुतेक अडचणींचे मूळ आहे. अशा चित्रपटांच्या अपयशाचे खापर सामान्यतः कमकुवत संवादांवर, नटांच्या निवडीवर किंवा निर्मात्यांच्या धनलोभावर फोडले जाते. ही कारणे खोटी नाहीत. पण वाईट उत्तरकथापटही पुष्कळ निघतात, आणि त्यांच्याविषयी रसिक एवढा दुखावलेला दिसत नाही. तो फार तर त्यांना विसरून जातो. पूर्वकथापट मात्र त्याला विसरता येत नाही, कारण त्याने आधीच्या कलाकृतीत हात घातलेला असतो.

२

प्रथम एका ठरावीक उत्तराचा विचार केला पाहिजे. शेवट आधीच ठाऊक असल्यामुळे उत्कंठा राहत नाही आणि म्हणून पूर्वकथापट फिका पडतो, असे म्हटले जाते. आपल्या परंपरेत वाढलेल्या वाचकाला हे उत्तर सहज पटण्यासारखे नाही. कीर्तनकार आख्यान लावतो तेव्हा शेवट न ठाऊक असलेला श्रोता मंडपात क्वचितच असतो. खाडिलकरांच्या ‘कीचकवध’चा शेवट तर नाटकाच्या नावातच सांगितलेला आहे. ग्रीक प्रेक्षकालाही ईडिपसचे जन्मरहस्य नाट्यगृहात येण्यापूर्वी माहीत असे. किंबहुना शेवटाचे ज्ञान हेच अशा नाट्याच्या करुणाचे एक साधन असते.

मग फरक कोठे पडतो? भरताच्या नाट्यशास्त्रातील कार्यावस्थांच्या कल्पनेचा येथे उपयोग होतो. आरंभ, प्रयत्न, प्राप्त्याशा, नियताप्ती आणि फलागम या पाच अवस्थांतून नाट्यवस्तू पूर्णत्वाला जाते. ‘कीचकवधा’चा शेवट प्रेक्षकाला ठाऊक असला तरी त्याचा फलागम त्याच नाटकात, त्याच रात्री, रंगमंचावर घडतो. पूर्वकथापटाचा फलागम मात्र दुसऱ्याच चित्रपटात, तोही वीसपंचवीस वर्षांपूर्वी, घडून गेलेला असतो. त्याला मूळ कथा जेथे सुरू होते तेथे येऊन थांबावेच लागते. त्यामुळे त्याचा शेवट परिपूर्तीपेक्षा सुपूर्त करण्याच्या स्वरूपाचा होतो. २००५ सालच्या ‘रिव्हेंज ऑफ द सिथ’ची अखेरची काही मिनिटे या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. जुळ्या अर्भकांपैकी एक या ग्रहावर पोचते, दुसरे त्या ग्रहावर. वृद्ध गुरू अज्ञातवासात जातो. व्हेडरच्या चेहऱ्यावर काळा मुखवटा चढतो. सी-थ्रीपीओ या यंत्रमानवाची स्मृती पुसून टाकण्याची आज्ञा होते. घर बदलताना एकेक जिन्नस ज्याच्या त्याच्या खोलीत नेऊन ठेवावा, तसा हा प्रकार आहे. यंत्रमानवाची स्मृती पुसावी लागली यातला विनोद कदाचित कर्त्याच्याही लक्षात आला नसेल: १९७७च्या चित्रपटात त्या पात्राला काहीच आठवत नाही, आणि १९९९च्या चित्रपटात तर त्याला घडविणारा हात खुद्द व्हेडरचा, त्याच्या बालपणीचा, दाखविलेला आहे. तेव्हा कोणाला तरी विसरणे भागच होते.

थोडक्यात, शेवट ठाऊक असणे हा दोष नव्हे. शेवट आपल्या मालकीचा नसणे ही अडचण आहे. ज्या पूर्वकथा या अडचणीतून वाट काढतात त्या बहुधा मूळ कथेत ज्यांचे नावही नव्हते अशा व्यक्तींना केंद्रस्थानी आणतात. ‘ब्रेकिंग बॅड’ (२००८–२०१३) या दूरचित्रवाणी मालिकेची पूर्वकथा असलेल्या ‘बेटर कॉल सॉल’ (२०१५–२०२२) या मालिकेत नायक वकील जिवंत राहणार, आणि कसा माणूस होणार, हे प्रेक्षकाला पहिल्या भागापासून माहीत असते. पण किम वेक्सलर ही वकील स्त्री मूळ मालिकेत कोठेच नाही. तिचे पुढे काय झाले? मूळ कथेतील तिची अनुपस्थितीच येथे टांगत्या तलवारीसारखी काम करते. २०१६च्या ‘रोग वन’मध्ये तर सर्व प्रमुख पात्रे मरतात. १९७७च्या चित्रपटाच्या प्रारंभीच्या सरकत्या मजकुरात शत्रूचे आराखडे हस्तगत झाल्याचा उल्लेख आहे. तो पराक्रम करणारी माणसे पुढे का दिसत नाहीत, याचे उत्तर त्यातून मिळते. या दोन्ही ठिकाणी फलागम त्या त्या कलाकृतीच्या आतच घडतो.

३

परंतु निराशेचे अधिक खोल कारण आस्वादाच्या प्रक्रियेत शोधले पाहिजे. साहित्यकृतीतील ‘रिक्त जागां’चा सिद्धान्त वोल्फगांग इझर या जर्मन समीक्षकाने मांडला, तो मराठी अभ्यासकांना परिचित आहे. संहिता सर्व काही सांगत नाही. न सांगितलेल्या जागा वाचक आपल्या कल्पनेने भरतो, आणि या भरण्यातूनच कलाकृती त्याच्या मनात पूर्ण होते. पूर्वकथापट नेमक्या या जागांवर उभा राहू पाहतो.

येथे एक भेद करावयास हवा. काही जागा कर्त्याने राखून ठेवलेल्या असतात, काही सोडून दिलेल्या असतात. २०१५ साली ‘बाहुबली’चा पहिला भाग एका प्रश्नाशी आणून थांबविण्यात आला. कटप्पाने बाहुबलीला का मारले, हा प्रश्न दोन वर्षे महाराष्ट्रातल्याही गावोगावच्या कट्ट्यांवर चघळला गेला, आणि २०१७च्या दुसऱ्या भागाने भूतकाळात जाऊन त्याचे उत्तर दिले. ही राखीव जागा होती. उत्तराचे अभिवचन प्रश्नातच होते. म्हणूनच तो दुसरा भाग अर्धाअधिक भूतकाळात घडत असूनही कोणाला पूर्वकथापट वाटला नाही. याउलट ‘क्लोन वॉर्स’ हा शब्द सोडून दिलेल्या जागेचा आहे. त्याचे उत्तर कोणी मागितले नव्हते. त्या शब्दाचे कार्य माहिती पुरविण्याचे नव्हतेच. कथेच्या चौकटीबाहेर जग पसरले आहे, एवढे सुचविण्याचे होते. गावाच्या वेशीवरून दिसणारा डोंगर दृश्याला खोली देतो. तो प्रत्यक्ष चढून गेल्यावर तेथे दगडधोंडे आणि करवंदीच्या जाळ्याच असतात.

रिडली स्कॉट यांच्या ‘एलियन’ (१९७९) या चित्रपटाचे उदाहरण याहूनही बोलके आहे. त्यात एका परक्या ग्रहावरील पडक्या यानात अंतराळवीरांना एका महाकाय प्राण्याचा सांगाडा आढळतो. तो आपल्या आसनाशी जणू एकजीव होऊन गेलेला आहे, छातीची हाडे आतून बाहेर फुटलेली आहेत. तो कोण, कोठून आला, याविषयी चित्रपट मौन बाळगतो. मानवाच्या कल्पनेत न मावणारे काहीतरी विश्वात नांदत आहे, ही चित्रपटातील भीतीची जात त्या एका दृश्यातून निश्चित होते. २०१२ साली त्याच दिग्दर्शकाने ‘प्रोमीथियस’मध्ये या प्राण्याचे रहस्य उलगडले: सांगाडा वाटला तो प्रत्यक्षात एक पोशाख होता आणि आत माणसासारखाच, फक्त आकाराने मोठा, जीव होता, शिवाय मानवजातीची उत्पत्तीही त्याच्याच जातीपासून झालेली. तर्काच्या दृष्टीने यात वावगे काही नाही. पण जे अपरिचित असल्यामुळे भयानक होते ते नात्यातले निघाले. भयानकाचा आलंबन विभाव असा ओळखीचा करून टाकल्यावर स्थायी भाव टिकावा कसा?

स्पष्टीकरणाने अर्थ वाढतो असे आपण गृहीत धरतो; वर्गात शिकविणाऱ्यांची तर ही व्यावसायिक समजूतच असते. कलाकृतीत मात्र स्पष्टीकरण कित्येकदा अर्थाची जात बदलते. ‘स्टार वॉर्स’मधील ‘फोर्स’ या संकल्पनेचे असेच झाले. मूळ चित्रपटांत ही सर्व सजीवांतून निर्माण होणारी आणि विश्वाला बांधून ठेवणारी शक्ती होती. ती साधनेने आणि श्रद्धेने वश होई. १९७७च्या चित्रपटाच्या शेवटी नायक नेमबाजीचे यंत्र बंद करून तिच्यावर विसंबतो, हा त्या कथेचा उत्कर्षबिंदू आहे. १९९९च्या चित्रपटात एका बालकाच्या रक्ताचा नमुना तपासला जातो आणि त्यातील ‘मिडिक्लोरियन’ नामक सूक्ष्म जीवांची संख्या वीस हजारांहून अधिक भरल्याने तो असामान्य ठरतो. भक्ताची भक्ती प्रयोगशाळेत मोजून घ्यावी, तसे हे झाले. न्यायाने सांगावयाचे तर ही शक्ती विशिष्ट घराण्यात प्रबळ असल्याचे सूचन १९८३च्या ‘रिटर्न ऑफ द जेडाय’मध्येही आढळते. पण सूचन आणि मोजमाप यांत अंतर आहे. शेतावर काम करणारा कोणीही पोरगा उठून विश्वाचे भवितव्य बदलू शकतो, या आश्वासनावर ज्यांची किशोरवये पोसली गेली होती, त्यांना आता उलटे सांगण्यात आले की तो पोरगा ‘कोणीही’ नव्हता, त्याच्या रक्तातच ते होते. रसिकांचा रोष या एका तपशिलावर एवढा का एकवटला, हे यावरून कळण्यासारखे आहे. तो तपशील कथेच्या नीतीलाच भिडतो.

होरेस या रोमन कवीने ट्रॉयच्या युद्धाचे काव्य हेलनचा जन्म ज्या अंड्यातून झाला तेथपासून सुरू न करणाऱ्या होमरची प्रशंसा केली आहे. पूर्वकथापट हे त्या अंड्याकडे परत जाणे होय.

४

क्रमाचा प्रश्न याला जोडूनच येतो. ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’ (१९८०) या चित्रपटात व्हेडर नायकाला आपण त्याचा पिता असल्याचे सांगतो. ॲरिस्टॉटलच्या परिभाषेत हे अभिज्ञान आणि स्थितिविपर्यास यांचे एकाच क्षणी घडणे आहे. वृद्ध गुरूने पहिल्या चित्रपटात सांगितलेली चार वाक्ये या क्षणी मागे वळून बदलतात. शब्द तेच राहतात, पण ते खोटे किंवा निदान अर्धसत्य होते असे कळते. पूर्वकथापटांनी हा क्षण काढून टाकला नाही. तो जागच्या जागी आहे. मात्र कथाक्रमानुसार एक ते सहा असे भाग पाहणाऱ्या नव्या प्रेक्षकाला हे रहस्य चौथ्या भागापूर्वीच ठाऊक झालेले असते. त्याच्या दृष्टीने पाचव्या भागात काही उघड होत नाही. ज्याला ते माहीत नाही अशा पात्राला ते कळते, एवढेच. अभिज्ञानाची जागा नाट्यात्म विडंबन घेते. तेही मोलाचे असू शकेल, पण ते दुसरेच नाटक आहे.

तपशिलांतही असेच होते. १९८३च्या चित्रपटात लेया ही नायिका आपल्या जन्मदात्रीची अस्पष्ट आठवण सांगते: ती सुंदर होती आणि दुःखी होती. २००५च्या चित्रपटात ती माता प्रसूतीच्या वेळीच मरते. योडा हा आपला गुरू असे वृद्ध योद्धा १९८०मध्ये सांगतो. १९९९मध्ये त्याचा गुरू निराळाच निघतो. अशा विसंगतींची यादी करण्यात काही रसिकांनी आयुष्ये घालविली आहेत आणि त्यांची थट्टा करणे सोपे आहे. पण लेयाच्या आठवणीचा प्रसंग पुन्हा पाहावा. त्या वेळी तो संवाद आईविना वाढलेल्या मुलीच्या मनातला एक कोपरा उघडत होता. आता तोच ऐकताना प्रेक्षक हिशेब मांडू लागतो. विसंगती ही चूक म्हणून फारशी गंभीर नसेलही; परंतु तिच्यामुळे भावनेची जागा पडताळ्याने घेतली, हे नुकसान खरे आहे.

याबाबत संस्कृत वाङ्मयातील एक दाखला मननीय आहे. दण्डीच्या ‘दशकुमारचरिता’चा आरंभ आज ज्या ‘पूर्वपीठिके’ने होतो ती दण्डीची नसून मागाहून अन्य हाताने जोडलेली असावी, असे अभ्यासक सामान्यतः मानतात. मूळ कथेचा आरंभीचा भाग हरवला होता. कोणी तरी तो पुरविला. पूर्वपीठिकेतील तपशिलांचा मूळ ग्रंथाशी काही ठिकाणी मेळ बसत नाही. तथापि तिच्यावर कोणी रागावल्याचे ऐकिवात नाही. रामायणाच्या उत्तरकाण्डातही राज्याभिषेकानंतर अगस्त्य ऋषी रामाला रावणाची कुळकथा सांगतात. नाव ‘उत्तर’, पण आशय पूर्वकथेचा. तेही काण्ड मागाहूनचे मानणारा मोठा पक्ष आहे, आणि तेही परंपरेने सामावून घेतले. आपल्या काळात ‘मृत्युंजय’ (१९६७) किंवा इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ यांसारख्या ग्रंथांनी महाभारतातील मौनांना वाचा फोडली. मराठी वाचकाने कादंबरीतला कर्ण उत्कटतेने स्वीकारला, आणि तो व्यासांचा कर्ण नव्हे म्हणून कोणाचे महाभारत बिघडले नाही.

असे का व्हावे? महाभारताला मालक नाही, हे त्याचे साधे उत्तर आहे. नवी कथा जुन्या कथेशेजारी येऊन बसते, तिला उठवीत नाही. पटली नाही तर श्रोता तिला ‘हा एक पाठ’ म्हणून बाजूस ठेवू शकतो. चित्रपटाचे तसे नाही. त्याच्या कथाविश्वावर व्यक्तीचा वा कंपनीचा कायदेशीर हक्क असतो, आणि हक्कदाराने सांगितलेली पूर्वकथा ‘अधिकृत’ म्हणून येते. रसिकाने वीस वर्षे मनात जपलेले उत्तर एका शुक्रवारी रद्दबातल होते. आणि हा अधिकार केवळ पुढच्या चित्रपटापुरता राहत नाही. ‘रिटर्न ऑफ द जेडाय’च्या शेवटी मृत पित्याची छायाकृती दिसते. १९८३ साली ती सेबॅस्टियन शॉ या वयस्क नटाची होती. २००४ साली डीव्हीडीसाठी केलेल्या आवृत्तीत ती काढून पूर्वकथापटांतील तरुण नट हेडन क्रिस्टेन्सन याची प्रतिमा बसविण्यात आली. येथे पूर्वकथापट मूळ चित्रपटात शब्दशः शिरला आहे. एका म्हाताऱ्या माणसाने शेवटच्या घटकेला केलेला पश्चात्ताप, आणि त्या पश्चात्तापाला लाभलेला म्हातारा, दमलेला चेहरा, यांचा संबंध तोडण्याचा अधिकार कर्त्याला असावा काय, हा पाठचिकित्सेचा प्रश्न आहे. ज्ञानेश्वरीच्या पाठशुद्धीची परंपरा असलेल्या भाषेतील अभ्यासकांना तो परका वाटू नये. फरक एवढाच की येथे प्रक्षेप खुद्द कर्त्याने केला आहे.

या हक्काची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. रिक्त जागा भरता भरता रसिक स्वतःला सहकर्ता मानू लागतो, आणि सहकर्तृत्वाची भावना कधी मालकीच्या भावनेत बदलते ते त्याला समजत नाही. ‘द फँटम मेनेस’मधील जार जार बिंक्स या विदूषकी पात्राची भूमिका करणारे अहमद बेस्ट यांनी २०१८ साली जाहीरपणे सांगितले की, त्या वेळच्या टीकेच्या भडिमारामुळे त्यांच्या मनात जीव देण्याचे विचार आले होते. पात्र फसले हे मान्य केले तरी त्याचा दंड कोणी भरला, याचा विचार आस्वादमीमांसेच्या कक्षेबाहेरचा म्हणून सोडून देता येत नाही.

५

तथापि निराशा ही कलाकृतीत असते की पाहणाऱ्यात, हा प्रश्न उरतोच. हान्स रॉबर्ट याउस यांच्या ‘अपेक्षांच्या क्षितिजा’च्या संकल्पनेची येथे कसोटी लागते. १९९९ साली जी मुले सातआठ वर्षांची होती त्यांनी पूर्वकथापट आधी पाहिले आणि मूळ चित्रपट नंतर, किंवा दोन्ही एकदमच. त्यांच्या लेखी रिक्त जागा अशी नव्हतीच. ही पिढी आता तिशी ओलांडून गेली आहे आणि तिच्यातील अनेकांना हे चित्रपट मनापासून प्रिय आहेत. २०२४ साली ‘द फँटम मेनेस’ पंचवीस वर्षांनिमित्त पुन्हा चित्रपटगृहांत लागला, २०२२च्या एका मालिकेत पूर्वकथापटांतले दोन्ही प्रमुख नट त्याच भूमिकांत परतले, त्यांचे झालेले स्वागत याच पिढीचे होते. तिला त्या चित्रपटांत लोकशाही सभागृहाच्या टाळ्यांच्या गजरात एकाधिकारशाही कशी अवतरते याचे चित्रण दिसते, आणि ते तेथे आहेच. व्यापारमार्गांवरील करांच्या वादापासून सुरू होणारी कथा आधीच्या पिढीला रुक्ष वाटली, कारण ती पुराणकथा ऐकावयास आली होती आणि तिला राज्यशास्त्र ऐकावे लागले. संहिता एकच, क्षितिजे दोन.

यावरून सारे सापेक्षच आहे असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. मागील विभागांत दाखविलेली रचनेतील वैगुण्ये पिढी बदलल्याने नाहीशी होत नाहीत. आणि पूर्वकथेचे लिखाण आधीचे असले म्हणजे निभावते असेही नाही. टोल्किन यांची ‘द हॉबिट’ ही बालकादंबरी १९३७ची, ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ १९५४-५५चे. उत्तरग्रंथातील अंगठीशी जुळावे म्हणून टोल्किन यांनी १९५१च्या आवृत्तीत ‘हॉबिट’मधील कोड्यांचे प्रकरण बदलले, पण पुस्तकाचा खेळकर बाज मोडला नाही. चित्रपटांचा क्रम मात्र उलटा झाला. महाकाव्य आधी (२००१–२००३), बालकथा नंतर (२०१२–२०१४). त्यामुळे एका लहानशा पुस्तकाला तीन दीर्घ चित्रपटांचा आणि नंतर येणाऱ्या महायुद्धाच्या सावलीचा भार वाहावा लागला. मूळ पुस्तकात नसलेली, पण पुढील चित्रत्रयीतून लोकप्रिय झालेली पात्रे त्यात आणली गेली. बिल्बो नावाच्या गृहस्थाची गमतीदार सफर त्या गदारोळात कोठे हरवली हे शोधावे लागते.

तेव्हा भूतकाळ कोणत्या कारणासाठी दाखविला जातो, याला महत्त्व आहे. ‘द गॉडफादर’ची दुसरी कृती (१९७४) या संदर्भात नेहमी आठविली जाते, आणि ते योग्यच आहे. तिच्यातील व्हिटो कोर्लिओनचे सिसिलीतील बालपण आणि न्यूयॉर्कमधील तारुण्य मारिओ पुझो यांच्या १९६९च्या कादंबरीतच होते. पहिल्या चित्रपटाने ते वगळले होते, म्हणजे ही राखीव जागा होती. पण त्याहून महत्त्वाचे असे की फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांनी ही पूर्वकथा एकटी सांगितली नाही. ती मुलाच्या, मायकेलच्या, १९५८नंतरच्या कथेशेजारी ठेवली. पित्याने कुटुंबासाठी जे उभे केले ते पुत्र कुटुंबाच्याच नाशातून राखतो आहे, हे दोन काळांच्या आलटून पालटून येण्यातून उमटते. व्हिटो असा का झाला हे येथे पटवून दिले जात नाही. रॉबर्ट डी नीरो यांचा व्हिटो शांतच राहतो. मार्लन ब्रँडो यांनी उभा केलेला वृद्ध पुरुष त्याच्यामुळे आकाराने लहान होत नाही.

त्याच चित्रपटाच्या शेवटाजवळ एक प्रसंग येतो. तारीख ७ डिसेंबर १९४१. पित्याच्या वाढदिवसासाठी भावंडे जेवणाच्या मेजाभोवती जमली आहेत. थोरला सनी आपल्या बहिणीची ओळख कार्लोशी करून देतो. टेसिओही तेथे आहे. मायकेल आपण सैन्यात नाव नोंदविल्याचे सांगतो. सनी संतापतो, आणि एकटा फ्रेडो त्याचे अभिनंदन करतो. या मेजाभोवतीच्या कोणाचे पुढे काय झाले हे प्रेक्षकाला ठाऊक आहे, आणि फ्रेडोचे काय झाले ते तर त्याने नुकतेच पाहिले आहे. चित्रपट त्यांच्या भवितव्याविषयी एक शब्दही बोलत नाही. बाहेर पिता आल्याची चाहूल लागते, सारे उठून त्याच्या स्वागताला जातात, आनंदाचा गलका ऐकू येतो. ब्रँडो यांनी या चित्रपटात काम केले नाही. तेव्हा पिता पडद्यावर येतच नाही. मायकेल एकटा मेजाशी बसून राहतो.